फिरकी

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
मी टोचले. एकेचाळीस वर्षं,
सोन्या मारुती चौकामागच्या बोळात.
बारा दिवसांची बाळं, बालवाडीतल्या पोरी,
एकदा नवसाचा एक पैलवान;
सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला.

यशोधन ढमढेरे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा.
ढोलपथकात नवा.
"डहाळेकाका, भिकबाळी घालायचीय."
म्हटलं, पाळीचं मांस वेगळं, हे वरचं हाडूक,
हे चिडतं.
म्हणाला, मग मॉलमध्ये बंदुकीनं मारून घेतो.
तेव्हा मीच तार उचलली.

आठ महिन्यांनी परत आला, केस कानावर वाढवलेले.
बाजूला केले.
चिंचोक्याएवढी गाठ, तुळतुळीत, तांबूस,
भोक तिच्या पोटात कुठंतरी हरवलेलं.
हळद झाली होती, कोरफड झाली होती,
कुणीतरी चुनासुद्धा लावायला लावला होता.
"रात्री खाजतं, काका. या कुशीवर झोपत नाही मी.
बसमध्ये पण खिडकीकडे हाच कान ठेवतो."

दुकान मुलावर टाकलं आणि त्याच्याबरोबर गेलो,
रास्ता पेठेत, डॉक्टर राबिया मोमीन यांच्याकडे.
आत शिरताच सांगून टाकलं, हे माझं काम.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
म्हणाल्या, जखम भरली की थांबायचं असतं,
याच्या कातडीला ते कळत नाही. भरतच राहते.
नुसती कापली तर पुन्हा येईल,
कदाचित याहून मोठी.

मग सुई काढली.
सुया मला कळतात. ही पोकळ होती,
गाठीच्या या अंगानं आत, त्या अंगानं बाहेर,
आणि तिच्यातून सोडलेला गार वायू, धुरासारखा सांडणारा.
मुशीतलं सोनं निवतं ते कडेकडून आत.
हे उलट होतं.
पांढरेपणा मधून उगवला आणि कडेला आला,
वरची कातडी जमेल तितकी राखत.
यशोधननं माझं मनगट धरलं होतं.
पैलवानापेक्षा बरा, ओरडला नाही.

पुढचं काही देखणं नव्हतं.
फोड आला, पाणी वाहिलं, काळी खपली.
मग दर महिन्याला एक इंजेक्शन, गाठीतच.
आणि दाबून ठेवायला चिमटा, दिवसाचे बारा तास.
प्लास्टिकचा होता. ढोलाच्या तिसऱ्या ठोक्याला
उडून टिळक रोडवर पडला.

"काका, तुम्ही काही करू शकाल?"

चांदीच्या दोन टिकल्या, आतून मऊ सिलिकॉन,
मागे फिरकी.
दाब किती, ते डॉक्टरीणबाईंनी दाखवलं:
कान पांढरा पडला तर जास्त,
झोपेत निसटला तर कमी.
चार वेळा वितळवून पुन्हा केला.
इतक्या वर्षांत भोक न मागणारा
हा माझा पहिलाच दागिना.

गाठ आता मुगाएवढी.
बाई म्हणतात, दोन वर्षं लक्ष ठेवू,
परत येणारच नाही असं लिहून देत नाही.
दर गुरुवारी तो येतो, मान कलती करतो,
मी फिरकी अर्धा फेरा सैल करतो किंवा आवळतो.
पथकातली दोन पोरं आली परवा,
"आम्हालाही यशोधनसारखी नवी फॅशन पाहिजे."
त्यांना चहा पाजला. बाकी काही बोललो नाही.

तार मी अजून ठेवलेली आहे.
पण आता आधी विचारतो:
घरात कुणाला अशी गाठ? आईला, मामाला?
लस टोचलेल्या जागी काही वाढलं होतं?
काल एका तान्ह्या मुलीची आई वैतागली,
"काका, कान टोचताय की स्थळ बघताय?"

बाळ झोपलं होतं. तिच्या मांडीवर,
दोन्ही कान उघडे.
"मामाला," ती थोड्या वेळानं म्हणाली,
"खांद्यावर आहे बहुतेक. थांबा, फोन लावते."